मूळ चुकांसकट

ताशी दोनशे किलोमीटरचा वेग सहज ओलांडणाऱ्या गाडीतून कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाता येत नाही, हे मला मिशिगनला गेल्यावर कळलं. दूध सांडेल म्हणून नव्हे, गाडीला धूळ लागेल म्हणून.

गाडी आमच्या साडूंची. साडू हे नातंच असं आहे, की त्यांच्याकडे जे असतं ते आपल्याकडे नसतं, आणि याची आठवण आपल्याला घरातूनच करून दिली जाते. तर साडूंकडे १९६३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे आहे. कूपे, रंग निळा, ३४० अश्वशक्ती, आणि मागच्या काचेच्या मधोमध एक उभी पट्टी. काच त्या पट्टीने दुभागली आहे. ही पट्टी फक्त १९६३ च्याच गाडीला होती. तिच्यापायी अमेरिकेतली चांगली शिकलीसवरलेली, नोकरीत कधी एक रुपया इकडचा तिकडे न केलेली माणसं बायकोला न सांगता कर्ज काढतात.

साडू मूळचे नारायण पेठेतले. कॉलेजात असताना ते लूनावरून सिंहगडाच्या पायथ्याला जात आणि चढ आला की मागच्या माणसाला उतरवून पायडल मारत. ही हकीगत ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, स्वतः सांगतात, कारण उतरवलेलं माणूस त्याच होत्या. पुढे साडू इंजिनिअर झाले, डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात उभी हयात घालवली आणि निवृत्त होताना स्वतःला ही गाडी भेट दिली. जेमतेम एक-दोन अश्वशक्तीच्या वाहनावर ज्याने पुणे पालथं घातलं, तो माणूस ३४० अश्वशक्ती हाती आल्यापासून घराबाहेर पडेनासा झाला आहे.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाबडेपणानेच विचारलं होतं.

"चालवता का कधी?"

"म्हणजे काय! गाडी म्हटली की चालवायलाच हवी. गेल्या उन्हाळ्यात दोनदा काढली की बाहेर."

"कुठे गेला होतात?"

"बाहेर. गॅरेजच्या."

त्या गॅरेजात शिरण्याचा विधी आहे. आधी मनगटावरचं घड्याळ उतरवायचं. मग अंगठी, किल्ल्या आणि कमरेचा पट्टा, कारण बक्कल रंगाला घासतं. पट्टा काढल्यावर माझी पँट एका हाताने धरावी लागते, त्यामुळे गाडीला हात लागण्याची शक्यता आपोआप निम्मी होते. गाडीला शिवायचं नाही, तिच्यावर वाकायचं नाही, तिच्याजवळ शिंकायचं तर मुळीच नाही. आमच्या आजीचं सोवळंही कडक होतं, पण भूक लागली की तिच्या सोवळ्यातून वाट निघायची. इथे वाट नाही. गॅरेजला हीटर आहे. रोजच्या वापरातली गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि ताई भल्या पहाटे टोपी-हातमोजे घालून तिच्या काचेवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या खरवडणीने खरवडत असतात. त्याच वेळी कॉर्व्हेट भिंतीपलीकडे मऊ पांघरूण घेऊन उबेत असते. "तिला थंडी बाधते," असं साडू म्हणतात. 'तिला' म्हणजे कोणाला, हे ताई एकदाही विचारत नाहीत.

आता कॉर्व्हेटला एवढं जपावं लागण्याचं खरं तर कारण नसावं. तिची बॉडी फायबरग्लासची. १९५३ साली पहिली कॉर्व्हेट निघाली तेव्हापासून तिचे भक्त अभिमानाने सांगत आले की आमची गाडी गंजत नाही. हे खरं आहे. बॉडी गंजत नाही. पण स्टिंग रेच्या बॉडीच्या आत लोखंडाचा एक पिंजरा आहे, ज्यावर काचा आणि दारं तोलली जातात, आणि तो मात्र व्यवस्थित गंजतो. वर्षानुवर्षं पाणी आत झिरपत राहिलं आणि मालक बाहेरून पॉलिश करत राहिले. वरून कीर्तन आणि आतून तमाशा. साडूंच्या गाडीचा पिंजरा दुरुस्त करायला जो खर्च आला, तो आकडा ताईंसमोर उच्चारायचा नाही असं मला विमानतळावरून घरी येतानाच बजावण्यात आलं होतं.

साडू या गाडीचा इतिहास सांगू लागले की जेवण गार होतं. पहिल्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंट गावी अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या, सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. निवडीचा त्रास नाही. दाराला बाहेरून मूठ नव्हती. आत हात घालून दार उघडायचं. वरखाली होणाऱ्या काचाही नव्हत्या. दिसायला रेसची गाडी आणि इंजिन साध्या घरगुती मोटारीच्या घराण्यातलं, सहा सिलिंडरचं, त्याला दोन गिअरांचं ऑटोमॅटिक. १९५४ मध्ये कंपनीने हौसेने ३,६४० गाड्या बनवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ पडून राहिल्या. १९५५ मध्ये आकडा ७०० वर आला. गाडी बंद पडायच्या बेतात होती. ती तरली ती व्ही-एट इंजिनामुळे आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह या माणसामुळे. ब्रसेल्समध्ये जन्मलेला हा रशियन आईबापांचा मुलगा. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात त्याने पहिली कॉर्व्हेट पाहिली, कंपनीला पत्र लिहिलं, नोकरी मिळवली आणि पुढची वीसेक वर्षं त्या देखण्या गाडीला पळायला शिकवलं.

या डंटॉव्हचा काचेच्या मधल्या पट्टीला कडाडून विरोध होता. त्याचं म्हणणं साधं होतं: आरशात बघितलं की मागचं काही दिसत नाही. डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांचं म्हणणं त्याहून साधं होतं: छान दिसते. १९६३ ला मिचेल जिंकले, १९६४ ला डंटॉव्ह. मी डंटॉव्हच्या बाजूचा. पण साडूंना मागचं न दिसण्याचा काहीच त्रास नाही, कारण त्यांच्या गाडीच्या मागे कायम गॅरेजची भिंतच असते.

पट्टी गेल्यावर काय झालं, तर ज्यांनी १९६३ ची गाडी घेतली होती त्यांतल्या काहींना आपली गाडी जुनी दिसू लागली. त्यांनी करवत मागवली, पट्टी कापली आणि १९६४ ची सलग काच बसवून घेतली. शेजाऱ्याला वाटावं, नवी आणली. पुढे पट्टीवाल्या गाडीची किंमत आभाळाला भिडली, आणि त्याच गाड्यांना नंतरच्या मालकांनी भरमसाट पैसे मोजून पट्ट्या परत चिकटवल्या. त्याच गाडीच्या बॉनेटवर हवा आत घेणाऱ्या जाळ्यांसारखे दोन चौकोन आहेत. त्यांतून हवा आत जात नाही. नुसते शोभेचे. तेही १९६४ ला काढले. अर्थातच साडू त्या न श्वास घेणाऱ्या नाकपुड्या दर आठवड्याला कानकाड्यांनी साफ करतात.

इथवर मला सगळं समजत होतं. जुनी वस्तू माणसाने जपावी, नव्यासारखी करावी. माझी समजूत अशी, की जुनी गाडी नवी करायची म्हणजे तिच्यातले दोष काढायचे. हे मी साडूंना बोलून दाखवलं आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जशी मी कधी काळी बँकेच्या काउंटरवर चेकवर सही न करता पैसे मागणाऱ्यांकडे टाकत असे.

"दोष काढायचे? अहो, दोष घालायचे!"

त्याचं असं आहे. अमेरिकेत नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी नावाची संस्था १९७४ पासून आहे. तिच्या परीक्षेला सुमारे ४,५०० गुण असतात आणि ९४ टक्के पडले तर सर्वोच्च श्रेणी मिळते. (मला एसएससीला जेवढे टक्के मिळाले होते तेवढ्यात हे लोक गाडी भंगारात घालतील.) प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न: ही गाडी त्या दिवशी सेंट लुइसच्या कारखान्यातून जशी बाहेर पडली असेल, तशीच आज आहे का? त्याहून चांगली असेल तर गुण कापतात. आणि सेंट लुइसचा कारखाना म्हणजे काही सोनाराची पेढी नव्हती. पट्टा सरकतोय, पाळी संपत आलीय, रंगाचा फवारा नको तिथे उडालाय, दाराच्या खालच्या कडेला रंग खरखरीत राहिलाय, तपासनिसाने खडूने फराटा ओढलाय. हे सगळं आज, त्याच जागी, त्याच बेफिकिरीने पुन्हा करावं लागतं. १९६३ मधल्या कामगाराने जे फुकट आणि नकळत बिघडवलं, ते साडू तासाच्या दराने पैसे देऊन आणि पुस्तकात बघून बिघडवून घेतात. रंगसुद्धा आजचा चकचकीत चालत नाही, त्या काळचा लॅकरच हवा. नटबोल्टच्या डोक्यावर त्या काळच्या कारखानदाराचं चिन्ह हवं. काच, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, कार्बुरेटर, प्रत्येकावर तारखेचा संकेत असतो आणि तो गाडीच्या जन्माच्या थोडाच आधीचा हवा. नंतरचा तर नाहीच, पण फार आधीचाही नाही. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर भाव एक, नाही जुळला तर निराळाच. त्यामुळे क्रमांक जुळवून देणारे कलाकारही निपजले, आणि ठोकलेल्या अंकांखालच्या यंत्राच्या बारीक रेघा भिंगातून बघून ती कलाकारी पकडणारेही.

या साऱ्या प्रकरणात माझा हात लागला तो चॅसीला. बॉडी चॅसीवर बसवताना मध्ये पातळ पट्ट्या सरकवतात, त्यांना शिम म्हणतात. कुठे किती शिम घालायच्या, तो आकडा कारखान्यातला माणूस चॅसीवर जाड खडूने लिहून ठेवायचा. साडूंनी तो आकडा लिहिला आणि त्यांच्या एका जाणकार मित्राने मान हलवली. "फार सुवाच्य आहे," तो म्हणाला. इंजिनिअरचं वळण. साडूंनी डाव्या हाताने लिहून पाहिलं. तरी ड्रॉइंगबोर्डावरचाच आकडा. रात्री जेवताना त्यांची नजर माझ्यावर खिळली.

"तुमचं अक्षर वाईट आहे ना?"

"वाईट?" बायको म्हणाली. "यांनी लिहिलेली वाण्याची यादी वाणी फोन करून विचारतो."

दुसऱ्या दिवशी मी, घड्याळ-अंगठी-पट्टा काढून, १९६३ च्या स्टिंग रेखाली पाठीवर सरकलो आणि हातात खडू घेऊन 'दोन' काढला. बँकेत ज्या अक्षरापायी तीन मॅनेजरांनी माझा उद्धार केला, त्या अक्षराची किंमत परक्या देशात, गाडीखाली झाली. साडू टॉर्च लावून बघतच राहिले. "वा!" ते पुटपुटले. "अगदी घाईत असल्यासारखा." घाईत नव्हतो. माझा 'दोन' तसाच येतो.

परीक्षा ओहायोतल्या एका मैदानावर होती. अशा स्पर्धांत गाडी स्वतःच्या चाकांवर चालवत आणणाऱ्याला थोडे जादा गुणही देतात. साडूंनी तो हिशेब कागदावर मांडला: एवढ्या मैलांचे एवढे गुण, वजा खडे उडाले तर एवढे, वजा माशा चिकटल्या तर एवढे, वजा पावसाचे एवढे. बेरीज उणे निघाली. मग कॉर्व्हेट बंद ट्रेलरमध्ये चढली, ट्रेलर भाड्याच्या ट्रकला जोडला आणि साडू तो ट्रक उजव्या लेनमधून इतक्या सावकाश चालवू लागले की शाळेच्या बस आम्हाला मागे टाकत होत्या. मागून आम्ही तिघं व्हॅनमध्ये. सामान व्हॅनमध्येच, कारण स्टिंग रेला बाहेरून उघडणारी डिकीच नाही; जे काय न्यायचं ते सीटच्या मागून आत कोंबावं लागतं. मैदानावर पोचल्यावर साडूंनी उदार होऊन मला शेजारी बसवलं. माझा कॉर्व्हेटमधला आजवरचा एकूण प्रवास ट्रेलरच्या फळीवरून गवतावर आणि गवतावरून डावीकडच्या गाडीपर्यंत, एवढा झाला. इंजिनाचा आवाज मात्र काय सांगू. पोटात घुमतो. मला क्षणभर वाटलं की साडू आता फाटकातून सरळ हायवेला काढतील. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी घाईने किल्ली बंद केली.

परीक्षक पिकल्या केसांचे, शांत, हातात टॉर्च आणि काठीला लावलेला छोटा आरसा. एक जण गवतावर आडवा झाला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आतून आवाज आला, "हा शिमचा आकडा कुणी लिहिला?" साडू पांढरे पडले. "फारच अस्सल आहे," तो म्हणाला. मी दोन पावलं पुढे होऊन उभा राहिलो. कोणी विचारलं नाही, पण उभा राहिलो.

मग दुसरा परीक्षक बंपरपाशी थांबला. बोट फिरवलं नाही, नुसता वाकला. "क्रोम फार चांगलं झालंय," तो हळहळून म्हणाला. गुण कापले. आयुष्यभर माझे गुण चुकीसाठी कापले गेले. चांगलं झालं म्हणून कापलेले पहिल्यांदाच पाहिले. साडूंनी क्रोम करणाऱ्याला दहा वेळा बजावलं होतं म्हणे की जरा कमी मन लावून कर. पण तो पडला कारागीर, त्याने ऐकलं नाही.

शेवटी चालू-बंद परीक्षा. हॉर्न वाजला. फिरून आत जाणारे हेडलाइट फिरून बाहेर आले. वायपर हलले. रेडिओ खरखरला. घड्याळ मात्र ढिम्म.

त्या घड्याळाची गोष्ट अशी, की ते बॅटरीवर स्वतःला चावी देतं. दर एक-दोन मिनिटांनी आत विजेचा एक झटका बसतो, स्प्रिंग ताणली जाते, टक् असा आवाज येतो आणि घड्याळ पुढे चालतं. पण बॅटरी उतरलेली असली की झटका अपुरा पडतो, आतले संपर्कबिंदू जळून चिकटतात आणि घड्याळ कायमचं बंद. बॅटरी का उतरते? गाडी उभी राहिल्याने. तशी साडूंनी बॅटरीला बारीक चार्जर लावलेलाच असतो, पण हिवाळ्यात कोणीतरी त्याचा प्लग काढून तिथे बर्फाने ओले झालेले हातमोजे वाळवण्याचं यंत्र लावलं होतं. कोणी, ते सांगता येत नाही. ताईंनी त्या वेळी दुसरीकडे बघितलं एवढं मी पाहिलं.

उभ्या गाडीला रोगच फार. पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकट होतं, टायर एका बाजूने बसतात, रबराच्या सील वाळतात, उंदीर एअरफिल्टरमध्ये बाळंत होतात. गाडी न चालवण्यासाठी साडूंना जेवढी मेहनत पडते, तेवढी ती रोज चालवली असती तर पडली नसती. डेट्रॉइटला दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, हजारो लोक आपापल्या गाड्या घेऊन दिवसभर खालीवर फिरतात. साडूही न चुकता जातात. घडीची खुर्ची घेऊन, कडेला बसायला.

निकाल लागला: ९४ ला अगदी थोडे कमी. दुसरी श्रेणी. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये कोणी त्यांच्याशेजारी बसायला तयार होईना.

त्यांचं दुःख हलकं व्हावं म्हणून ताईंनीच पुढच्या आठवड्यात केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला जायचं ठरवलं. कॉर्व्हेट १९८१ पासून तिथेच बनते आणि शेजारीच तिचं संग्रहालय आहे. डंटॉव्हच्या अस्थीही तिथेच ठेवल्या आहेत. या संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे जमीन खचली. त्या भागात भूगर्भात चुनखडीच्या गुहाच गुहा. सुमारे तीस फूट खोल खड्डा पडला आणि घुमटाखाली मांडलेल्या आठ कॉर्व्हेट त्यात गेल्या. आत माणूस नव्हतं. पुढे तीन गाड्या दुरुस्त केल्या. त्यांतली एक दहा लाखावी कॉर्व्हेट, १९९२ ची पांढरी. तिच्या सुट्या भागांवर कारखान्यातल्या कामगारांनी आतून सह्या केल्या होत्या, आणि दुरुस्तीत त्या सह्यासुद्धा जपल्या. उरलेल्या पाच गाड्या मात्र चेमटलेल्या, चिरडलेल्या, मातीने भरलेल्या अवस्थेतच ठेवल्या. खड्ड्याच्या बातमीनंतर संग्रहालयात इतकी गर्दी वाढली, की खड्डा बुजवावा की ठेवावा यावर कारभाऱ्यांना विचार करावा लागला. अखेर बुजवला. जमिनीवर त्याचा आकार मात्र आखून ठेवला आहे.

आम्ही गेलो तेव्हा नव्या कोऱ्या, एक रेघ नसलेल्या गाड्यांपुढे शुकशुकाट होता आणि चेमटलेल्यांपुढे रांग. साडू त्या चुराड्यापुढे बराच वेळ उभे होते.

"एकाही गाडीचं क्रोम कोणी तपासत नाहीये," ताई म्हणाल्या.

साडू काही बोलले नाहीत. पुढच्या दालनात त्यांनी मला सांगितलं, की १९६७ ची एल-८८ कॉर्व्हेट फक्त वीस निघाल्या, तिला रेडिओ नाही, हीटर नाही, आणि २०१४ साली अ‍ॅरिझोनातल्या लिलावात एकीला ३८ लाख ५० हजार डॉलर आले. "हीटर नाही?" ताईंनी विचारलं. "मग गॅरेजात कोणी ठेवली असेल तिला?" आणि अपोलो-१२ च्या तिघा अंतराळवीरांकडे एकसारख्या सोनेरी-काळ्या कॉर्व्हेट होत्या, ते त्यांतून खरोखर हिंडायचे, हेही मला तिथेच कळलं. त्यांतल्या दोघांना तर चंद्राच्या धुळीचीही सवय झालेली.

घरी आल्यावर साडूंनी नव्या उमेदीने वही काढली. क्रोम उतरवून पुन्हा, या वेळी जरा वाईट, करून घेण्याचं ठरलं आहे. माझ्या 'दोन'ला हात लावायचा नाही, असं वहीत लाल अक्षरात लिहिलं आहे. राहता राहिलं घड्याळ. तेव्हा वाचकांना विनंती, की कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्याच्या तळघरात १९६३ च्या कॉर्व्हेटचं घड्याळ पडलेलं असेल तर जरूर कळवावं. चालू हवं. काचेवर बारीक चरे असले तर उत्तम. अगदीच नव्यासारखं असेल, तर कृपया पाठवू नये. गुण कापतात.